रक्त गोठू न देणारी गोळी आणि घरची शुश्रूषा



कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असते, कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असते. अशांना डॉक्टर रोज वॉरफरिनसारखी गोळी देतात. आपण म्हणतो, ‘रक्त पातळ करायची गोळी’. खरे पाहता रक्त पातळ होत नाही. ते गोठायला वेळ लागतो.

या औषधाचे मूळ गोठ्यात आहे. १९२० नंतर उत्तर अमेरिकेत ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातले द्रव्य ओळखले. पुढे तयार झालेले वॉरफरिन १९४८ साली उंदरांचे विष म्हणून विकले गेले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. म्हणून मात्रा महत्त्वाची. ‘आयएनआर’ ही रक्ताची तपासणी चुकवू नये.

आता समजा, सासूबाईंच्या नाकाचा घोळणा फुटला. सून म्हणते, “आत्याबाई, मान मागं टाका!” इथेच चुकते. रक्त घशात उतरते. त्यांना बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ पाहून पंधरा मिनिटे सोडू नका. विळा लागला, तरी स्वच्छ फडक्याने तितकाच वेळ घट्ट दाबा. मधे उचलून पाहू नका. चुना, तंबाखू भरू नका. तरीही थांबले नाही, तर दाब न सोडता दवाखाना गाठा.

लघवी लाल, शौचास डांबरासारखे काळे, किंवा रक्ताची उलटी झाली, तर वाट पाहू नका. डोक्याला मार लागला आणि वरून काही दिसत नसले, तरी तडक रुग्णालयात न्या. रक्त आत साचते. जाताना गोळीची पट्टी आणि तपासणीचा कागद बरोबर घ्या. ‘के’ जीवनसत्त्व द्यायचे की रक्तघटक, हे तिथले डॉक्टर ठरवतील. दंडात किंवा कमरेत सुई टोचण्यापूर्वी ‘ही गोळी चालू आहे’ असे आधी सांगा. अंगदुखीची गोळी किंवा झाडपाला परस्पर घेऊ नये. पालेभाजी मात्र बंद नको. रोज साधारण सारखी असावी.

हिरडीतून थोडे रक्त आले म्हणून मनानेच गोळी कायमची बंद करू नका. झडपेवर गुठळी धरली, तर अर्धांगवायू होऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

शिक्षक बंधुभगिनींनो, झडप बदललेली मुले शाळेतही येतात. त्यांच्या दप्तरात गोळीचे नाव लिहिलेले कार्ड आहे ना, एवढे उद्या पाहाल का?