दिसणारा ताल, जाणवणारा नाद

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा तालाच्या क्रिया सांगताना त्याने भरतापासून चालत आलेले दोन वर्ग कायम ठेवले: टाळीसारख्या आघाताने ऐकू येणाऱ्या त्या सशब्द, आणि हाताची बोटे मिटून, पसरून किंवा हात बाजूला नेऊन केवळ दाखवायच्या त्या निःशब्द. कर्णबधिरांसाठी संगीताची रचना हा विषय परदेशी यंत्रांपासून सुरू करण्याची आज रीत असली, तरी मराठवाड्यातच लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात तालाचा निम्मा व्यवहार डोळ्यांसाठी आहे, हे इथल्या गावांत आधी सांगणे योग्य ठरते.

ही परंपरा आजही चालू आहे. त्रितालाच्या 16 मात्रांपैकी पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे आवाज न करता बाजूला नेलेला हात, ही मांडणी न ऐकताही वाचता येते. सप्ताहातील कीर्तनात टाळकऱ्यांची पावली पडते, तेव्हा पाठीमागची अख्खी रांग एकाच ठेक्यावर हलते, आणि भजनी ठेक्याच्या 8 मात्रा पायांत दिसतात.

दुसरे द्वार त्वचेचे. कंपनांची जाणीव सेकंदाला सुमारे 250 आंदोलनांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असते आणि साधारण 1000 च्या पुढे ती जवळजवळ संपते. त्यामुळे टाळांची किणकिण हाताला फारशी कळत नाही, पण पखवाजाच्या धुमेवर ओली कणीक लावून जो खर्ज काढला जातो, तो छातीला आणि तळपायांना कळतो. लहानपणीच ऐकू येणे जवळजवळ गेलेली स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी अनवाणी वाजवते ती याच कारणाने. मात्र सिमेंटच्या जमिनीवर सतरंजी अंथरली की पायांपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही, तर पोकळ लाकडी फळ्यांचा मंच तेच कंपन पुढे नेतो. म्हणून मृदंगाचार्य आणि कर्णबधिर श्रोता एकाच मंचावर बसवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मोठ्या आवाजाचा उपाय सुचवणाऱ्यांनी मिरवणुकीतला डीजे आठवावा: तो कंपन देतो खरे, पण उरलेसुरले ऐकू येणेही हिरावतो. कमी ऐकू येणाऱ्यांची गरज वेगळीच असते. श्रवणयंत्र मुख्यतः बोलणे कळावे म्हणून बनवलेले असते. त्याला मंडपातला गोंगाट टाळून थेट ध्वनिक्षेपकाकडून आवाज मिळावा, यासाठी बैठकीभोवती तारेचे वेढे घालतात, आणि यंत्रातील टेलिकॉइल नावाचे छोटे वेटोळे त्यातला संकेत टिपते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेली विद्युततार, 12 ते 22 विद्युतटोकांवर काम करते, तर निरोगी कानात सुमारे साडेतीन हजार आंतरिक केशपेशी असतात. साहजिकच अशा श्रोत्याला ठेका चांगला कळतो, पण आलापातील दोन जवळचे सूर वेगळे ओळखणे अवघड जाते. आलापावर संपूर्ण भिस्त ठेवून केलेली मैफल त्याच्यासाठी अर्धीच असते, आणि तिथे अभंगाचे शब्द पडद्यावर येणे किंवा सांकेतिक भाषेत त्यांचा अर्थ उलगडणे आवश्यक होते.

दिव्यांगजनांच्या अधिकारांच्या 2016 च्या कायद्याने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हक्क मानला असला, तरी मंच कुठे असावा आणि दिव्याचा प्रकाश कुठे पडावा, हे कायदा सांगत नाही; ते मंडप उभारण्याआधी त्या फळ्यांवर स्वतः बसून पाहणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीलाच विचारावे लागते. काकड्याच्या पहाटेच्या अंधारात सारा प्रकाश मूर्तीवर असतो आणि टाळकऱ्यांचे हात दिसत नाहीत, ही अडचण ऐकू येणाऱ्या आयोजकाच्या सहसा लक्षात येत नाही.