काकूंचा डबा आणि आईचे कप

कानात इअरफोन आहेतच, हातात चहा असेल तर आणखी उत्तम. आजचा भाग कपाबद्दलच आहे.

आमच्या समोरच्या दारात एक माळकरी काकू राहतात. कधी थालीपीठ, पावसाळ्यात अळूवडी, दिवाळीत चकली. त्यांच्याकडून डबा आला नाही असा आठवडा जात नाही. आणि आपल्याकडचा नियम तुम्हाला माहितीच आहे, शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. मला स्वयंपाकातलं फार काही येत नाही. मग मी डब्यात चार शेंगदाण्याचे लाडू घालते आणि काकूंना चहाला बोलावते. चहा आईच्या कपांत. पांढरेशुभ्र, निळी फुलं, कडेला बारीक सोनेरी रेघ. आईने ते 'पाहुण्यांसाठी' म्हणून वर्षानुवर्षं कपाटात ठेवले. मी रोजच्या वापरात काढले.

कपाच्या बुडाशी 'बोन चायना' असा छाप आहे. मला वाटायचं, असेल नुसतं नाव. या भागाची तयारी करताना वाचलं, तर नाही हो! अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड यांनी ही कृती पक्की बसवली. जनावरांची हाडं भाजून राख करायची आणि ती केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीत मिसळायची. जवळजवळ निम्मी राखच. म्हणूनच कप इतका पांढरा, पातळ आणि तरी मजबूत.

माझ्या पोटात गोळाच आला. दोन वर्षं काकू याच कपातून चहा पितायत. सांगायचं की गप्प बसायचं? कोणाला कळणार होतं म्हणा! पण त्यांच्या डब्यातलं मी काही न विचारता खाते ना? तसाच तर त्यांनी माझा कप तोंडाला लावला.

सांगून टाकलं. काकू क्षणभर गप्प. कप खाली ठेवला. "बरं झालं बोललीस," म्हणाल्या आणि घरी गेल्या. चार दिवस डबा आला नाही. फार लांब होते ते चार दिवस.

पाचव्या दिवशी बेल वाजली. काकूंच्या एका हातात कोथिंबीरवडीचा डबा, दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. "चहा ठेव गं. मला यात दे. तू मात्र आईच्याच कपात पी, परत कपाटात टाकू नकोस."

तर मंडळी, घरच्या कपांचं बूड एकदा बघाच. नुसतं उजेडापुढे धरून कळत नाही, कारण हाडांशिवाय बनलेल्या पोर्सेलिनमधूनही उजेड दिसतो. आणि पाहुणा शाकाहारी असेल तर आधी सांगा. कुणाला चालतं, कुणाला नाही. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

काकूंचा डबा अजून माझ्याकडेच आहे. लाडू सोडून त्यात काय घालू, कळवा. भेटू पुढच्या भागात!