शुश्रूषा करणाऱ्यांचे मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय आनंदाचा नाही. पण तो आपल्या दाराशी येऊन गेलेला आहे.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आपण डॉक्टर-परिचारिकांसाठी टाळ्या-थाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात आपल्या चाळीतल्या परिचारिकाबाई जिन्यात दिसल्या की आपण दारे लोटून घेऊ लागलो. मीही लोटले. मनात वैर नव्हते, भीती होती. पण त्या बाईंच्या मनाचे काय होत असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

त्याच वर्षी जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिकांना प्रश्नावली दिली होती. त्यांतील ५०.४ टक्के जणांत औदासीन्याची लक्षणे आढळली. ३४ टक्के जणांना धड झोप नव्हती. स्त्रियांना, परिचारिकांना, वुहान शहरातल्यांना आणि रुग्णांजवळ प्रत्यक्ष राबणाऱ्यांना त्रास अधिक तीव्र होता. प्रश्नावली म्हणजे वैद्याचे निदान नव्हे, हे खरे. तरी निम्म्याहून अधिक माणसे एकाच वेळी खचलेली दिसतात, तेव्हा दोष त्यांच्या मनोबलाचा कसा म्हणावा? त्यांच्यावरचा भारच पाहायला हवा.

तो भार कसला? अंगभर संरक्षक पोशाख घालून तासन्‌तास उभे राहायचे, त्यात पाण्याचा घोटही नाही. नातेवाईक जवळ नसलेल्या रुग्णाचा शेवट आपल्या डोळ्यांनी पाहायचा. घरी आल्यावर मुलाला जवळ घ्यायची भीती, आणि तरीही चूल कोणाला चुकली आहे? आशाताईंना तर तुटपुंज्या मानधनासाठी जून २०२१ मध्ये आपल्या राज्यात संप करावा लागला. या सर्वांवर शेजाऱ्यांचे तोंड फिरवणे!

आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून सरकारने एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम काढला. कायद्याने उगारलेला हात थांबेल. लोटलेले दार मात्र आपणच उघडायचे असते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तोच रोग जडला व त्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या तसबिरीला आपण दरवर्षी हार घालतो. शेजारच्या खोलीतल्या परिचारिकेला चहा विचारायला मात्र विसरलो.

गेल्या दिवाळीत मी त्या बाईंकडे गेले व चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “ड्यूटीचं मी निभावून नेलं हो. घरचा जिना चढताना मात्र पाय जड व्हायचे.”

भगिनींनो, अशी वेळ पुन्हा आली तर अंतर राखूनही पुष्कळ करता येते. दारात दूध-भाजी ठेवावी, डबा द्यावा, मुलांचा अभ्यास फोनवरून घ्यावा. “धीर धर” असा उपदेश करण्यापेक्षा नुसते ऐकून घ्यावे. दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच मन रमेना, तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही स्वयंपाकघरात लिहून ठेवावा. जिवावर उदार होण्याची भाषा कोणाच्या तोंडी आली, तर तिला एकटी सोडू नये.

टाळ्या एका संध्याकाळपुरत्या असतात, शेजार रोजचा असतो.