अंबागड कोणाचा?



अंबागड कुठे आहे हे आज पदवी घेतलेल्या तुमसरच्या मुलांना सांगायला नको. पावसाळ्यात तुमच्यातले निम्मे जण तिथे फोटो काढून आले असतील. तो गड 1700 च्या सुमारास राजाखान पठाणानं बांधला. राजाखान हा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार. गादीच्या भांडणात बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्यानं इस्लाम स्वीकारला आणि गादी मिळवली. पुढे त्याच औरंगजेबाच्या मुलखात त्यानं लूटमारही केली. 1702 च्या आसपास बारा लहान वस्त्या एकत्र करून त्यानं नागपूर वसवलं. तिथे हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडचे शेतकरी नि कारागीर बोलावून आणले. मग भोसले आले. गड त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला.

आता सांगा, अंबागड कोणाचा? गोंडांचा, पठाणांचा की मराठ्यांचा? टीव्हीवरच्या चर्चेत दोनच बाजू लागतात. बख्त बुलंदाला कुठल्या बाजूला बसवायचं हे निवेदकाला ठरवता येणार नाही, म्हणून त्याला बोलावलंच जात नाही.

17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात काय झालं, हे तुम्ही मोबाइलवर पाहिलं आहे. खुलताबादची औरंगजेबाची कबर काढून टाका, ही मागणी होती. संभाजी महाराजांवरचा चित्रपट फेब्रुवारीत येऊन गेला होता, नेत्यांची वक्तव्यं रोज चालू होती. दुपारी निदर्शनं झाली, मग अफवा पसरल्या आणि रात्री दगडफेक, जाळपोळ. संचारबंदी लागली, एक जण जिवानिशी गेला. त्याच महालात गांधी गेट आहे. त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा, आणि तो बांधला बख्त बुलंदाच्या वारसानं, चांद सुलतानानं. म्हणजे औरंगजेबावरून पेटलेलं ते शहर मुळात अशा राजानं वसवलेलं, ज्याचं औरंगजेबाशी नातं आश्रयाचंही होतं आणि वैराचंही. हे शाळेत शिकवलं गेलं असतं तर दंगल टळली असती, असा भाबडा दावा मी करणार नाही. दंगली अज्ञानानं होत नाहीत, त्या घडवाव्या लागतात. पण घडवणाऱ्याला सोपा इतिहास लागतो, आणि तो आपण त्याला आयता पुरवतो.

इतिहासावरून भांडूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवरायांवर पोवाडा लिहिला आणि त्यांना शेतकऱ्यांचा, रयतेचा राजा म्हणून उभं केलं. पुढे टिळकांनी रायगडावरच्या समाधीचा प्रश्न हाती घेतला, उत्सव सुरू केला, आणि तेच शिवराय परकी सत्तेविरुद्धच्या लढ्याचे झाले. दोघांनाही त्यांच्या काळात काहीतरी घडवायचं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. त्या वादांच्या काळातच वि. का. राजवाड्यांसारखी माणसं वाड्यावाड्यांतली दप्तरं धुंडाळत महाराष्ट्रभर हिंडली. 5 जानेवारी 2004 ला मात्र पुण्यात शिवरायांवरच्या एका पुस्तकाच्या रागापायी भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. पुस्तक कुणाचं, मार कुणाला! ज्या दप्तरांच्या आधारे त्या पुस्तकाला उत्तर देता आलं असतं, त्यांच्याच घरावर हल्ला.

राजकारण आठवायला लावतं तसं विसरायलाही लावतं. आपल्याच जिल्ह्याचं घ्या. 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले. जिंकले काँग्रेसचे भाऊराव बोरकर. संविधान लागू होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. आज 14 एप्रिलला जिल्ह्यातला प्रत्येक पक्ष हार घेऊन पुतळ्यापाशी उभा असतो, पण त्या निवडणुकीबद्दल व्यासपीठावर चकार शब्द निघत नाही. कारण उघड आहे. तो विषय निघाला की आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणाला मत दिलं, असा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच पक्षाला सोयीचं नाही.

आणि ज्यावर कोणी भांडतच नाही, त्या इतिहासाचं काय? या जिल्ह्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी खोदले. धानाची शेती त्यांवर उभी राहिली. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कितीतरी गाळानं भरले. तलावासाठी मोर्चा निघत नाही, म्हणून त्याचा इतिहासही निघत नाही.

तुमच्यातले काही शिक्षक होतील, काही पोलीस, काही पत्रकार. बाकीचे धानाचा भाव काय मिळाला ते बघतील. तुम्हा सगळ्यांना एकच काम देतो, आणि ते करायला फार वेळ उरलेला नाही. 1954 मध्ये मतदानाचं वय 21 होतं. म्हणजे त्या निवडणुकीतला सगळ्यात तरुण मतदारही आज नव्वदीच्या पुढे आहे. दिवाळीनंतर मंडईला गावी जाल, तेव्हा अशी एखादी आजी सापडली तर तिच्याजवळ बसा. प्रचाराला कोण आलं होतं, मतदान कुठे झालं, गावात काय बोललं जात होतं, हे सगळं विचारा आणि लिहून घ्या. मत कोणाला दिलंस, हेही विचारून बघा. ती सांगणार नाही कदाचित. मतदान गुप्त असतं, आणि तो हक्क तिला अजून आहे.