फणसाडचें रान आणि काशीदची पुळण

जालना जिल्ह्यांतील जाफराबाद हें गांव पूर्णा आणि केळणा या दोन नद्यांच्या संगमावर वसलें आहे. त्या शिवारांत पडणारें पावसाचें पाणी पूर्णेंतून गोदावरीला मिळतें, आणि गोदावरी तें पूर्वेकडे नेऊन बंगालच्या उपसागराला अर्पण करते. म्हणजे जाफराबादच्या पाण्याचा समुद्र पूर्वेला. माणसांना जवळचा समुद्र मात्र पश्चिमेला, आणि तोहि सरळ रेषेंत मोजला तर ३०० किलोमीटरांहून अधिक दूर. कापूस आणि मका पिकविणाऱ्या त्या मुलखांत समुद्राचें पहिलें दर्शन पुष्कळांना शाळेच्या सहलींत घडतें, नाहीं तर मुलगा मुंबईस नोकरीला लागल्यावर घडतें. मग एकदां घरांतील सर्व मंडळी मिळून किनाऱ्यावर जाण्याचें ठरतें. अशा मंडळींनीं जावें कोठें, आणि गेल्यावर पाहावें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

काठेवाडच्या किनाऱ्यावर, आजच्या गुजरातच्या अमरेली जिल्ह्यांत, जाफराबाद नांवाचें दुसरें एक गांव आहे. त्याच्यावर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांची सत्ता होती. मराठवाड्यांतील जाफराबादशीं त्याचें नातें केवळ नांवापुरतें. परंतु त्याच नबाबांच्या मुरूडकडील मुलखांत शिकारीसाठीं राखून ठेवलेलें एक रान होतें, आणि समुद्र पाहावयास निघालेल्या प्रवाशानें प्रथम पायधूळ झाडावी ती या रानांत. संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें १९८६ मध्यें त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेंच रायगड जिल्ह्यांतील फणसाड अभयारण्य होय. जी राखण पूर्वीं बंदुकीच्या हौसेसाठीं होत असे, ती पुढें वन्य जीवांच्या रक्षणासाठीं होऊं लागली. हेतु पालटला, परंतु राखण सुटली नाहीं. म्हणून रान उरलें.

जाफराबादहून छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणें असें करीत सह्याद्रि उतरला, कीं हवा बदलते. अलिबागहून दक्षिणेस रेवदंडा, कोर्लई, बोर्ली हीं गांवें मागें टाकीत रस्ता काशीदला येतो. उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला डोंगर, अशी ती वाट आहे. बहुतेक वाहनें येथेंच थांबतात. पांढऱ्या वाळूची लांबलचक पुळण, सुरूचीं झाडें, शहाळ्यांचीं दुकानें एवढें पाहून मंडळी माघारीं फिरतात. पाठीशीं उभ्या असलेल्या डोंगरांत ५० चौरस किलोमीटरांहून मोठें अरण्य आहे, याची पुष्कळांना कल्पनाहि नसते.

अरण्यांत शिरण्याचा नेहमींचा मार्ग सुपेगांवाकडून आहे. वनखात्याच्या चौकीवर नांव नोंदवावें, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा आणि ऊन चढण्यापूर्वीं चालूं लागावें. पायवाटा मळलेल्या आहेत, परंतु त्यांना फांटे फार. अनोळखी माणसाला वाटाड्यावांचून चालणें शहाणपणाचें नाहीं. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांच्या दाट सावलींतून वाट जाते, मधूनच मोकळ्या गवताळ माळावर येते, आणि पुन्हा झाडींत शिरते. मराठवाड्याच्या उघड्या माळरानावर वाढलेल्या डोळ्यांना ही सावली प्रथम काळोखासारखी वाटते. थोडा वेळ गेला म्हणजे त्या काळोखांत आकार उमटूं लागतात.

त्यांतील सर्वांत अद्भुत आकार गारंबीच्या वेलाचा. वेल म्हटला म्हणजे परसांतील दोडक्याचा वा कारल्याचा वेल आठवतो. गारंबीचा वेल मात्र लांकडासारखा कठीण असून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर दोरखंडासारखा लोंबत जातो. त्याची शेंग माणसाच्या हाताहूनहि लांब भरते, आणि तींतील तपकिरी, गुळगुळीत बी मुठींत मावेल एवढें मोठें असतें.

डोक्यावर पानें सळसळलीं तर वर पाहावें. तो बहुधा शेकरू असतो. तांबूस अंगाची आणि झुबकेदार शेपटीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. सुमारें ६ मीटरांची उडी घेऊन शेकरू फांदीवरून फांदीवर जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणूनच झाडांचें छत्र सलग राहणें हा त्याच्या जगण्यामरणाचा प्रश्न आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां या भागांत असंख्य झाडें उन्मळून पडलीं. किनाऱ्यावरील लोकांच्या नारळीपोफळीच्या बागा गेल्या. वाडी पुन्हा लावण्यास मनुष्याचे हात असतात. शेकरूला मात्र तुटलेली वाट झाड वाढेपर्यंत तुटलेलीच राहते.

या रानांत नैसर्गिक पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण अशीं त्यांचीं नांवें आहेत, आणि त्यांतील एका पाणवठ्याचेंच नांव साऱ्या अभयारण्याला मिळालें आहे. कोंकणांत पाऊस अतोनात पडतो खरा. परंतु उतारावरचें पाणी पाहतां पाहतां समुद्राला मिळतें, आणि वैशाखांत डोंगर कोरडे पडतात. त्या दिवसांत सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या या सर्वांना याच पाणवठ्यांचा आधार असतो. दुष्काळांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या जाफराबादच्या माणसाला, रानांतल्या एका डबक्याची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. तेथें आवाज न करतां दूर बसावें; पाण्यांत हातपाय धुऊं नयेत.

आतां ज्या पक्ष्यासाठीं हा प्रवास विशेषेंकरून करावा, त्याच्याविषयीं. तो पक्षी गिधाड होय. जुन्या पिढींतील माणसांना सांगावयास नको, कीं मराठवाड्यांत गांवाबाहेर मेलेलें जनावर टाकलें, कीं थोड्याच वेळांत आकाशांत घिरट्या दिसत आणि दिवस मावळण्यापूर्वीं हाडें तेवढीं उरत. पुढें हा पक्षी दिसेनासा झाला. १९९२ ते २००७ या काळांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतांतील संख्या इतकी घटली, कीं हजारांमागें जेमतेम एक उरलें. कारण सांपडलें तें २००४ मध्यें, पाकिस्तानांतील संशोधनांतून. जनावरांच्या वेदनेवर व सुजेवर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध त्यांच्या मांसांत उरतें. तें मांस खाल्लेल्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात आणि तें थोड्याच दिवसांत मरतें. २००६ मध्यें जनावरांसाठीं या औषधावर भारतांत बंदी आली. २०२३ मध्यें कीटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवरहि बंदी घालण्यांत आली. मेलॉक्सिकॅम हें औषध तेंच काम करतें आणि गिधाडांस निर्धोक असल्याचें आढळलें आहे.

फणसाडच्या परिसरांत गिधाडांसाठीं वनखात्यानें एक जागा राखली असून, तेथें मेलेलीं गुरें टाकण्याची व्यवस्था केली आहे. ज्या दृश्याकडे पूर्वीं नाक दाबून पाठ फिरविली जात असे, तेंच दृश्य आज दुरून, भाग्य असेल तरच, दिसतें. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते. हजारांचें एक व्हावयास पंधरा वर्षें पुरलीं. एकाचे पुन्हा हजार व्हावयास किती पिढ्या लागतील, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

रान पाहून झाल्यावर दुपार कलतांना पुळणीवर उतरावें. आतां समुद्र निराळा दिसतो. ज्या डोंगरांतून पाऊल चालून आलें, त्यांचींच टोकें पाण्यांत शिरलेलीं ओळखूं येतात. ओल्या वाळूवर इवलाले खेकडे वाळूच्या गोळ्या करून ठेवतात. त्या तुडविण्यापूर्वीं मुलांना खालीं बसवून दाखवाव्या. नदीकांठच्या मुलांना पाणी एकाच दिशेनें वाहतांना ठाऊक असतें. येथें तें दिवसांतून दोन वेळां चढतें, दोन वेळां उतरतें, आणि भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. या अज्ञानापायींच जिवावर बेततें. संगमाच्या डोहांत पोहणारा तरुण समुद्रालाहि डोह समजतो. काशीदच्या किनाऱ्यावर माणसें बुडालीं आहेत. लाट परततांना पायांखालची वाळू घेऊन जाते आणि ओढ लागते. म्हणून ओहोटी लागली असतां पाण्यांत जाऊं नये, आणि एरवींहि गुडघ्याच्या वर जाण्यापूर्वीं कांठावरच्या कोळ्याला विचारावें. त्याचा नकार हा शेवटचा शब्द समजावा.

सूर्य बुडाला म्हणजे मंडळी परतीच्या वाटेला लागतात. पिशवींत शंखशिंपले घरीं येतात; गारंबीचें बी मात्र रानांतच राहूं द्यावें, तें तेथल्याच मातीचें आहे. बरोबर आणण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे. चार दिवसांनीं जाफराबादच्या गोठ्यांत एखादा बैल लंगडूं लागेल, वा गाईला सूज येईल. पशुवैद्य औषधाची बाटली काढील. त्या वेळीं बाटलीवरचें नांव वाचावें, आणि बंदी असलेलें औषध असेल तर तें नाकारून दुसरें मागावें. फणसाडच्या झाडावरील घरटें त्या गोठ्यापासून पुष्कळ दूर आहे. परंतु मराठवाड्याच्या आकाशांतून गिधाडें गेलीं तीं अशाच गोठ्यांच्या वाटेनें गेलीं. आणि परत यावयाचीं असतील, तर त्यांना याच वाटेनें यावें लागेल.