जंतू आणि शिधा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘सूक्ष्मजीव आणि आरोग्य’ हा विषय अफाट आहे. त्यातील एकाच जंतूविषयी मी आज बोलणार आहे, कारण आपण ज्या वस्त्यांत काम करतो तेथे त्याचा मुक्काम आहे. तो जंतू क्षयाचा. त्याच्यासंबंधी प्रश्नही एकच मांडणार आहे. हा जंतू पुष्कळांच्या शरीरात शिरतो. मग त्यांतील नेमके कोण आजारी पडतात आणि ते कशावरून ठरते?

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉक यांनी बर्लिनमधील शास्त्रज्ञांच्या सभेत क्षयाचा जंतू दाखवून दिला. तोवर हा रोग रक्तातून उतरणारा दोष आहे, असे युरोपातही अनेक जण मानीत असत. आपल्याकडे तर पूर्वकर्माचा हिशेबही त्यात जोडला जाई. रोगाला दृश्य, भौतिक कारण आहे हे सिद्ध करून कॉक यांनी रुग्णाच्या कपाळावरचा कलंक पुसला. विज्ञानाचे हे ऋण आपण कधीही विसरता कामा नये.

परंतु जंतू सापडला म्हणजे रोगाचे सारे कारण सापडले, असे मात्र नाही. जगातील सुमारे एकचतुर्थांश माणसांना या जंतूचा संसर्ग झालेला असतो. भारतात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांमध्ये हे प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास आढळले. म्हणजे या सभागृहातील दर तीन माणसांमागे एकाच्या शरीरात तो असू शकेल. तरीही संसर्ग झालेल्या शंभरांपैकी जन्मभरात पाच ते दहाच आजारी पडतात. उरलेल्यांच्या शरीरातील संरक्षक पेशी जंतूभोवती कडे करून त्याला कोंडून ठेवतात. हे कडे उभारायला आणि टिकवायला शरीराला प्रथिने लागतात, ऊर्जा लागते, जीवनसत्त्वे लागतात. पोट सतत अर्धे राहिले की पहारा ढिला पडतो आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेला जंतू उठतो.

कॉक यांच्या आधी 1848 साली रुडॉल्फ फिर्खो या तरुण डॉक्टरला प्रशियाच्या सरकारने टायफसच्या साथीची चौकशी करण्यासाठी अप्पर सायलेशियात पाठविले होते. त्यांनी अहवालात औषधांच्या यादीऐवजी शिक्षण, स्वराज्य आणि लोकांची आर्थिक स्थिती सुधारणे हेच उपाय सुचविले. टायफसही जंतूमुळेच होतो आणि उवांमार्फत पसरतो, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. फिर्खो यांना जंतू दिसला नाही, पण समाज दिसला. पुढे कॉक यांना जंतू दिसला. वैद्यकशास्त्राने दुसरे सत्य उचलले आणि पहिले बव्हंशी समाजसुधारकांच्या हवाली केले.

या दोन सत्यांची सांगड घालणारे एक संशोधन आपल्याच देशात झाले आहे. छत्तीसगडमधील गनियारी येथील जनस्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात येणाऱ्या ग्रामीण क्षयरुग्णांची वजने पूर्वीच नोंदली गेली होती. पुरुषांचे वजन सरासरी 42 किलो, तर स्त्रियांचे 34 किलो. प्रौढ माणसांची ही वजने आहेत. या कामातील एक डॉक्टर अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 2019 ते 2022 या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगाची रचना साधी होती. 2,800 क्षयरुग्णांच्या घरांतील 10,345 माणसे त्यात होती. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश आदिवासी होती. औषधे आणि आहाराची मदत सर्व रुग्णांना मिळाली. फरक केला तो कुटुंबीयांच्या बाबतीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने विभागांची दोन गटांत वाटणी झाली. एका गटातील कुटुंबांत दर प्रौढ माणसामागे दरमहा 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटातील कुटुंबीयांना असा शिधा नव्हता. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी भरले. थुंकीच्या तपासणीने सिद्ध होणारा, म्हणजे इतरांना लागण करणारा फुप्फुसाचा क्षय तर 48 टक्क्यांनी घटला. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोकाही पुष्कळ कमी आढळला.

याचा विपरीत अर्थ कोणी काढू नये. डाळभात हे औषध नव्हे. झालेला क्षय बरा करायला औषधेच लागतात, आणि ती मध्येच सोडली तर जंतू त्यांना जुमानीनासा होतो. वेळेवर निदान आणि औषधांचा अखंड पुरवठा या मागण्या आपण तिळभरही सैल करता कामा नयेत. परंतु शेजारच्या अंथरुणावरील माणसाला रोग होऊ न देणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे दीड किलो डाळ जे करते, त्याची बरोबरी करणारी लस प्रौढांसाठी आजही आपल्या हाती नाही. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचविते. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती संरक्षण देत नाही, हे तमिळनाडूतील चिंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत दिसून आले होते.

अन्नाइतकेच महत्त्व हवेला आणि उजेडाला. मुंबईत गोवंडी परिसरात विस्थापितांसाठी बांधलेल्या इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तेथील पाहणीत खालच्या मजल्यांवरील घरांत क्षय अधिक आढळला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसाच्या वाट्याला भिंत आली, पण खिडकी आली नाही.

आता सरकारी धोरणाकडे पाहू. 2018 पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा 500 रुपये मिळू लागले. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 करण्यात आले. हे स्वागतार्ह आहे. पण घरातील इतरांसाठी अन्नाची टोपली कोठून यायची? ती 2022 साली सुरू झालेल्या योजनेनुसार ‘निक्षय मित्र’ या दात्यांच्या औदार्यातून. दाता मिळाला तर टोपली, न मिळाला तर नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला. डाळीचा दिला नाही. झारखंडच्या प्रयोगाने जे सिद्ध केले ते हक्काच्या यादीत यायला हवे होते, ते दानाच्या यादीत गेले. क्षयाच्या निर्मूलनासाठी देशाने 2025 साल ठरविले होते. रोगाचे प्रमाण घटले हे खरे, पण निर्मूलन झाले नाही, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आजही भारतातच आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील प्रत्येक क्षयरुग्णाच्या घरी जाऊन चार गोष्टी विचारून नोंदवाव्यात. घरात माणसे किती? त्यांची वजने किती? रेशनकार्डावर सर्वांची नावे आहेत काय? झोपण्याच्या खोलीला खिडकी आहे काय? ही नोंद घेऊन आरोग्य केंद्राकडे आणि पुरवठा कचेरीकडे जावे, आणि रुग्णाच्या साऱ्या कुटुंबाला डाळीसह शिधा हक्काने मिळावा, अशी मागणी करावी.

जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसतो. त्याला वाट करून देणारी उपासमार पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. त्या घरात जावे लागते.