दिसतंच आहे, असं म्हणू नका



स्वागत समितीच्या वतीने नांदेडनगरीत भरलेल्या या परिषदेत आपले मनःपूर्वक स्वागत. या शहरात मराठीबरोबर उर्दू आणि पंजाबी कानावर पडते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी-कोलामी आणि तांड्यातांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. इथला श्रोता कधीच एकसाची नव्हता. म्हणून यजमान या नात्याने एकच प्रश्न मांडतो : आपण पडद्यावर स्लाइड लावतो, ती कोणासाठी?

बहुतेकदा ती वक्त्याला मुद्दे आठवावेत म्हणून केलेली असते. नांदेड जिल्ह्याचे १६ तालुके आणि पाच वर्षांचा पाऊस एका तक्त्यात बसवला की ऐंशी आकडे होतात. तुटीचे लाल, सरासरीचे हिरवे. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याला हा तक्ता मुकाच. देवनागरीत मात्रा वर जाते, उकार खाली उतरतो. जागा वाचवायला ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो आणि मागच्या रांगेला नुसत्या शिरोरेघा दिसतात. त्याऐवजी सर्वाधिक तुटीचे तीनच तालुके घ्या, आकड्यापुढे ‘तूट’ असा शब्द लिहा, अक्षर मोठे ठेवा. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतकी तफावत लागते. पिवळ्यावर पांढरी अक्षरे त्यात बसत नाहीत.

कोणी म्हणेल, चार-दोन लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत, आणि माहिती सुगम रूपात मिळणे हा त्यात उपकाराचा विषय राहिलेला नाही. शिवाय चाळिशीचा चष्मा विसरलेला प्राध्यापक आणि खिडकीच्या उजेडासमोर बसलेली विद्यार्थिनी त्या चार-दोघांतच येतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे : तपशील गाळला तर संशोधन उथळ होईल. पण तपशील गाळायचा नाही, त्याची जागा बदलायची. ऐंशी आकड्यांचा तक्ता आधीच सर्वांना पाठवा, मात्र युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधल्या मराठीच्या पोटात रोमन चिन्हे असतात. डोळ्याला ती मराठी दिसते, पण अंध वाचकाचा स्क्रीन रीडर ती चिन्हेच बडबडतो.

स्लाइड कितीही नेटकी केली तरी ती ज्याला दिसतच नाही असा श्रोता सभागृहात असतो. त्याच्यासाठी आलेखाचे सार दोन वाक्यांत तोंडाने सांगावे लागते. तेव्हा व्यवस्थेतील उणिवा पोटात घाला आणि यजमानांची एक विनंती मान्य करा : ‘हे तर तुम्हाला दिसतंच आहे’ हे वाक्य या परिषदेत कोणी उच्चारू नये. जे दिसते आहे, तेही सांगावे.